एक ईमेल, दोन कॉम्प्युटर: मेल जातो कुठे?

आजच्या भागाचा हा लिखित अवतार.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे बरेच कारखाने घरचेच लोक चालवतात. समजा, अशाच एका घरात दोन कॉम्प्युटर आहेत, एकाच वायफायवर. एकावर बाबा ऑर्डर बघतात, दुसऱ्यावर ताई बिलं. ईमेल एकच, दोन्हीकडे थंडरबर्ड. आता गिऱ्हाईकाचा मेल येतो, 'टॉवेलची रुंदी बदला'. तो ताईच्या कॉम्प्युटरवर उतरतो, बाबांना दिसतच नाही. टेरी टॉवेलला ताण्याचे दोन बीम लागतात, एक जमिनीचा, एक लूपचा. ते जुन्या मापाने मागावर चढले की नुकसान ठरलेलं.

मग मेल गेला कुठे? बहुतेक वेळा दोषी असतो पॉप थ्री. ही पद्धत मेल सर्व्हरवरून कॉम्प्युटरवर उतरवते आणि सेटिंग तसं असेल तर सर्व्हरवरचा पुसून टाकते. जो आधी उतरवेल, मेल त्याचा! आयमॅपमध्ये मूळ मेल सर्व्हरवरच राहतो, सगळीकडे तोच दिसतो.

आधी तपासा. मोबाइलच्या ब्राउझरमधून मेल उघडा. हरवलेला मेल तिथेही नाही, पण एका कॉम्प्युटरवर आहे? मग संशय पक्का. दोन्हीकडे 'मेसेज सर्व्हरवर ठेवा' हा पर्याय लगेच चालू करा.

मग दुरुस्त करा.

१. थंडरबर्ड बंद करून दोन्हीकडच्या प्रोफाइल फोल्डरची कॉपी पेनड्राइव्हवर घ्या.

२. थंडरबर्डमध्ये जुनं पॉप खातं आयमॅप करता येत नाही. तोच पत्ता आयमॅप म्हणून नव्याने जोडा. पोर्ट 993, सुरक्षा एसएसएल. जीमेल असेल तर लॉगिनची खिडकी आपोआप उघडते.

३. जुने मेल नव्या खात्यात कॉपी करा, 'मूव्ह' नको. जीमेलची फुकट जागा 15 जीबी, त्यात फोटो आणि ड्राइव्हही येतात.

४. सगळं नीट दिसलं की मगच जुनं खातं काढा.

एक शॉर्टकट मात्र टाळा. प्रोफाइल फोल्डर नेटवर्कवर शेअर करून दोन्हीकडून एकदम उघडायचा नाही. थंडरबर्ड त्यावर कुलूप लावतं, आणि ते चुकवलंत तर फाइली बिघडू शकतात.

आणि हो, आयमॅपमध्ये एकीकडे डिलीट केलं की दुसरीकडूनही जातं. हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. पत्त्यांची वही आणि फिल्टर मात्र आयमॅपने जुळत नाहीत, ते वेगळे लावावे लागतात.

शेवटी चाचणी: मोबाइलवरून स्वतःलाच मेल टाका. दोन्ही कॉम्प्युटरवर दिसला? झालं काम!