पिंजऱ्याचं दार गोठ्यात उघडतं

म्हशीला ताप चढला, बैलाचा पाय सुजला, की दुखणं आणि सूज उतरवणारं इंजेक्शन टोचलं जातं. सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावात काय किंवा हिंगोली जिल्ह्यातल्या दुसऱ्या कुठल्या गावात काय, हे नेहमीचंच. जनावर उठलं तर प्रश्न मिटला. पण इंजेक्शननंतर एक-दोन दिवसांत ते दगावलं, तर औषधाचा अंश त्याच्या यकृतात आणि मूत्रपिंडांत राहून जातो. मेलेलं ढोर गावाबाहेर ओढून टाकायचं, ही आपली जुनी रीत. त्यावर गिधाडं उतरायची आणि बघता बघता सांगाडा उरायचा. आजच्या पोरांना गिधाड माहीत आहे ते रामायणातल्या जटायूपुरतं.

१९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून अधिक घटली, लांब चोचीची सुमारे ९७ टक्के. कारण सापडलं २००४ मध्ये : डायक्लोफिनॅक, गोठ्यात टोचलं जाणारं दुखणं-सूज उतरवणारं औषध. औषध टोचलेल्या जनावराचं मांस खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं बंद पडतात, आतल्या अवयवांवर खडूसारखा पांढरा थर जमतो आणि पक्षी मरतो. एका मढ्यावर डझनावारी गिधाडं जेवतात. त्यामुळे शंभरात एकाहून कमी मढी विषारी असली तरी एवढा संहार होऊ शकतो, असं गणित अभ्यासकांनी मांडलं.

गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं आणि वयात यायला पाचेक वर्षं घेतं. निसर्गाच्या भरवशावर ही तूट भरून निघणं अवघडच. म्हणून प्राणिसंग्रहालयाची जुनी कल्पना वेगळ्या कामाला लावली गेली. पिंजरा लोकांनी बघायला यावं म्हणून नव्हे, तर वाण राखण्यासाठी. हरियाणात पिंजोरला राज्याचा वनविभाग आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी यांनी प्रजनन केंद्र उभं केलं. शेतकरी बियाणं बाजूला काढून ठेवतो, तसाच हा प्रकार. पहिलं अंडं उचलून उबवणी यंत्रात ठेवलं, की काही जोड्या दुसरं घालतात. खाऊ घालायच्या बकऱ्याही आधी आठवडाभर सांभाळतात. त्यांच्या अंगात औषध उरलेलं नको.

जानेवारी २०२४ मध्ये पिंजोरहून २० गिधाडं महाराष्ट्रात आली, पेंच आणि ताडोब्यात. काही महिने तिथल्याच मोठ्या पिंजऱ्यांत ठेवून, अंगावर उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवून त्यांना मोकळं केलं. पुढं मेळघाटातही पक्षी आणले गेले. ताडोब्याचं एक गिधाड तर थेट तमिळनाडूत पोचलं. व्याघ्र प्रकल्पाची हद्द वाघाला अपुरी पडते, तिथं गिधाडाचं काय! अशा पक्ष्याला ताडोबा काय आणि मराठवाडा काय, सगळं एकच ताट. वनखात्याची राखण जंगलापुरती. जंगलाबाहेर ताटात काय वाढलंय, हे ठरतं शेतकऱ्याच्या गोठ्यात.

कायदा आपल्या बाजूनं उभा आहे. जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर २००६ पासून बंदी आहे. माणसांच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात वापरल्या जात, म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनची कुपी ३ मिलिलिटरची झाली. २०२३ मध्ये जनावरांसाठी किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकही बंद झाली. मेलोक्झिकॅम हा गिधाडांना न बाधणारा पर्याय उपलब्ध आहे.

गिधाडं गेल्याचा भुर्दंड माणसांनीही भरला. कुजणारी मढी आणि त्यावर पोसलेली कुत्री यांतून २००० ते २००५ या काळात देशात सुमारे पाच लाख जादा मृत्यू झाले, असा अंदाज २०२४ मध्ये दोन अर्थशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केला.

पिंजोरला बकरी आठवडाभर राखून मग गिधाडापुढं ठेवतात. गोरेगावच्या गोठ्यात एवढं करायला नको. जनावरांचा डॉक्टर सुई भरत असताना ‘साहेब, औषध कोणतं?’ एवढं विचारलं तरी पुरे.