लँकेस्टरचे वार्तापत्र : बिनबटणांचे झगे

बर्ड-इन-हँड हे पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर जिल्ह्यातलं गाव. इथल्या कापडाच्या दुकानात आमिश बायका जिथे ताग्यांवर हात फिरवत उभ्या असतात, तिथे जांभळं, गर्द निळं, हिरवं, काळं असं एकरंगी कापडच दिसतं, फुलाफुलांचं नाही. जवळच टाचण्यांचे डबे. झगा आणि त्यावर खांद्यांवरून छातीवर घ्यायचं त्रिकोणी वस्त्र या बायका टाचण्यांनीच बसवतात. बटण नाही, चेन नाही. पुरुषांच्या रविवारच्या कोटालाही हूकच असतात.

आमिश म्हणजे याकोब आमान यांचे अनुयायी. 1693 च्या सुमारास ते स्वित्झर्लंड आणि आल्सास भागातल्या इतर अ‍ॅनाबॅप्टिस्टांपासून, म्हणजे जाणत्या वयातच बाप्तिस्मा मानणाऱ्या ख्रिस्ती लोकांपासून, वेगळे झाले. पुढच्या शतकात त्यांतले काही छळाला कंटाळून इथे आले. आज उत्तर अमेरिकेत आमिश लोक चार लाखांच्या घरात आहेत.

अमेरिकेतल्या बाकीच्या चर्चमध्ये शालीन पेहरावाचा विषय निघाला, की बोलणं मुलींच्या स्कर्टच्या लांबीवर आणि पोहण्याच्या कपड्यांवर येतं. मला ते अपुरं वाटतं. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौलाचा आक्षेप आहे तो सोनं, मोती आणि भारी वस्त्रं यांवर, म्हणजे श्रीमंतीच्या मिरवण्यावर. आमिशांनी हे मनावर घेतलं. मोठ्या शेताच्या मालकिणीचा आणि मजुराच्या बायकोचा झगा इथे सारखाच. लग्नातही नवरीचा झगा बहुधा निळा, पुढे प्रार्थनेला वापरता येईल असा. त्यावरचं पांढरं वस्त्र आणि एप्रन मात्र जपून ठेवतात. मृत्यूनंतर ते तिला नेसवतात.

नियम पुरुषांनाही आहेत. लग्नानंतर दाढी राखायची, मिशा मात्र नाहीत, कारण मिशा सैनिकांची शान मानली जाई आणि हे लोक युद्धात भाग घेत नाहीत. बायकांच्या डोक्यावरच्या पांढऱ्या टोपीला आधार करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा. त्याच वचनाला मान देऊन आपल्याकडच्या मराठी ख्रिस्ती बाया प्रार्थनेच्या वेळी डोक्यावर पदर घेतात, पण घरी आल्यावर तो उतरवायला त्यांना मोकळीक असते. इथे बाप्तिस्मा घेतल्यावर ती उरत नाही. बाप्तिस्मा जाणत्या वयात, स्वतःच्या संमतीने होतो हे खरं. पण नंतर पंथ सोडला तर वाळीत टाकतात. अनेक घरांत अशा मुलीला आईच्या पंगतीलाही बसता येत नाही. झगड्याशिवाय जगू पाहणाऱ्या समाजाने लेकीला असं तोडावं, हे माझ्या मनाला पटत नाही.

हॅटची कड किती रुंद, टोपीला चुण्या कशा, हे प्रत्येक मंडळी आपापलं ठरवते. वर्षातून दोनदा, प्रभुभोजनाआधी, नियमांची उजळणी होते आणि बाप्तिस्मा घेतलेल्या सगळ्यांची संमती विचारतात, बायकांचीही. पण उपदेशक आणि बिशप पुरुषच होतात. टोपीच्या चुण्यांबद्दल पहिला शब्द तरी ती रोज घालणारीचा असायला हवा होता.