अस्थानी स्वादुपिंड आणि बृहदांत्राचे विरळ कर्करोग

अस्थानी स्वादुपिंड म्हणजे मूळ ग्रंथीपासून दूर आढळणारा स्वादुपिंडाच्या ऊतीचा लहान पुंजका. मूळ ग्रंथीशी त्याचा नलिकेने वा रक्तवाहिन्यांनी संबंध नसतो. ही स्थिती जन्मजात आहे. गर्भाच्या आदिम आतड्यातून निघणाऱ्या दोन मुकुलांपासून स्वादुपिंड बनते. त्या वेळी काही पेशी वेगळ्या पडून आतड्याच्या भित्तीत राहतात, असे सामान्यतः मानले जाते.

आढळ व निदान

हे पुंजके बहुधा जठरात आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात सापडतात. बृहदांत्रात ते फारच क्वचित दिसतात. बहुतेकांना कोणताही त्रास होत नाही. मात्र श्लेष्मल आवरणाखाली गाठ दिसल्याने कर्करोगाची शंका येते. वरवर घेतलेल्या बायोप्सीत खोलवरची ऊती येतेच असे नाही. म्हणून काही वेळा खरे निदान शस्त्रक्रियेनंतरच होते. अशा ऊतीतून कर्करोग उद्भवणे अत्यंत दुर्मीळ आहे.

विरळ कर्करोग

बृहदांत्राचे ९० टक्क्यांहून अधिक कर्करोग ग्रंथीकर्करोग असतात. उरलेल्यांत चेता-अंतःस्रावी अर्बुदे, लसिकार्बुदे आणि चपट्या पेशींचे कर्करोग येतात. प्रकार ओळखणे महत्त्वाचे असते, कारण उपचार त्यावर ठरतात: ग्रंथीकर्करोगात शस्त्रक्रिया मुख्य असते, तर लसिकार्बुदात औषधोपचारांना मोठे स्थान असते.

महाराष्ट्रातील नोंदी

भारतातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी १९६३ मध्ये मुंबईत सुरू झाली; ग्रामीण भागातील नोंदणी १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे सुरू झाली. भारतात बृहदांत्राच्या कर्करोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे. त्यामुळे विरळ प्रकार एखाद्या तालुक्यातील डॉक्टरांच्या पाहण्यात क्वचितच येतात.

जुन्नर व आंबेगाव

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील या तालुक्यांत मंचर येथे उपजिल्हा रुग्णालय आहे. विशेष तपासण्यांसाठी रुग्णांना पुण्याला जावे लागू शकते. तेथे ससून सर्वोपचार रुग्णालय आहे. शौचावाटे रक्त पडणे म्हणजे मूळव्याधच, असे समजून अनेक जण तपासणी लांबवतात. रक्तस्राव, शौचाच्या सवयीत टिकून राहिलेला बदल, अकारण वजन घटणे किंवा रक्तक्षय आढळल्यास बृहदांत्राची दुर्बिणीतून तपासणी करावी लागू शकते. काढलेली ऊती फॉर्मॅलिनमध्ये ठेवून विकृतिशास्त्रज्ञाकडे पाठवतात. या परीक्षणातूनच निरुपद्रवी पुंजका आणि कर्करोग यांतील भेद निश्चित होतो, आणि अनावश्यक मोठी शस्त्रक्रिया किंवा उपचारांतील विलंब टाळता येतो.