‘कॅलरी’ शब्दाची द्व्यर्थता आणि थंड पाण्याचा हिशेब

थंड पाणी प्याल्याने वजन घटते, या समजुतीच्या मुळाशी एक हिशेब आहे आणि प्रथमदर्शनी तो बिनतोड वाटतो. एक ग्रॅम पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढविण्यास एक कॅलरी उष्णता लागते. अर्धा लिटर पाणी ५ अंशांवर प्याले, तर ते ३७ अंशांपर्यंत तापविण्यास शरीराला ५०० गुणिले ३२, म्हणजे १६,००० कॅलरी द्याव्या लागतील. आहारशास्त्राच्या पुस्तकांत एक किलो चरबीचे मूल्य सुमारे ७,७०० कॅलरी दिलेले असते. तेव्हा तांब्याभर गार पाण्याने दोन किलो चरबी झडावयास हवी! तशी ती झडत नाही, हे सर्वांस ठाऊक आहे.

येथे दोष गुणाकाराचा नसून शब्दाचा आहे. १८२०च्या दशकात पॅरिसमध्ये निकोला क्लेमां याने ‘कॅलरी’ हा शब्द वापरला, तो एक किलोग्रॅम पाण्याच्या संदर्भात. पुढे ग्रॅमवर आधारलेले परिमाणही त्याच नावाने रूढ झाले, आणि एका शब्दाचे दोन अर्थ परस्परांहून हजारपटींनी भिन्न असे नांदू लागले. मार्सलँ बर्तेलो याने मोठ्या परिमाणासाठी आद्याक्षर मोठे लिहिण्याचा संकेत पाळला. परंतु हा भेद डोळ्यांना दिसतो, कानांना ऐकू येत नाही. आणि देवनागरीत तर लहानमोठी अक्षरेच नसल्याने तो दिसतही नाही. मराठीत ‘किलोकॅलरी’ हा निःसंदिग्ध शब्द आहे, पण बोलण्यात त्यातला ‘किलो’ गळतो. बाजारात नेमके उलट घडले आहे: ‘एक किलो साखर’ म्हणताना ‘ग्रॅम’ गळतो आणि ‘किलो’ उरतो. ‘उष्मांक’ हा देशी पर्यायही परिमाण कोणते, याविषयी मौनच पाळतो.

चरबीचे मूल्य किलोकॅलरीत आहे, हे ध्यानी घेतले की वरील १६,०००चे १६ होतात. चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम, साखरेतून सुमारे २० मिळतात. रोज दोन लिटर बर्फासारखे पाणी प्याले, तरी हिशेब ६४वर थांबतो. त्या गतीने एक किलो चरबीस चार महिने लागतील.

हीदेखील कमाल मर्यादाच समजावी. शरीर त्वचेकडील रक्तप्रवाह आटोपता घेऊन उष्णता वाचवू शकते. त्यामुळे पाणी तापविण्यास लागलेली सर्व उष्णता नव्याने निर्माण करावी लागतेच असे नाही. बर्लिनमधील संशोधकांनी २००३ साली अर्धा लिटर पाण्याने चयापचयाचा वेग सुमारे ३० टक्के वाढतो, असे प्रसिद्ध केले, आणि त्याचा बराच बोलबाला झाला. २००६ साली स्वित्झर्लंडमधील फ्रिबूर येथील प्रयोगात मात्र साध्या तापमानाच्या पाण्याने तशी वाढ आढळली नाही. ३ अंशांच्या पाण्याने तासाभरात ती अवघी साडेचार टक्के भरली.

पाण्याचा उपयोग दिसला तो निराळ्याच मार्गाने. २०१० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मित आहार घेणाऱ्या मध्यमवयीन व वृद्ध व्यक्तींपैकी ज्यांनी प्रत्येक जेवणापूर्वी अर्धा लिटर पाणी प्याले, त्यांचे वजन बारा आठवड्यांत इतरांपेक्षा सुमारे दोन किलोंनी अधिक घटले. जेवणाआधी पोट काहीसे भरत असल्याने अन्न कमी जाते, हे त्याचे संभाव्य कारण. त्यासाठी पाणी गार असण्याची गरज नाही.