हृदयाला छिद्र: चूक कोणाची?

आजचा एपिसोड जरा घरचा आहे. माझ्या भाच्याच्या हृदयाला जन्मतः छिद्र निघालं, तेव्हा ताईला पहिला प्रश्न आला, "ग्रहण पाळलं नव्हतंस का गं?" मी डॉक्टर नाही, कोड लिहितो. पण तो प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून वाचायला बसलो.

जवळपास १०० बाळांमागे एकाला जन्मजात हृदयदोष असतो. गर्भात हृदय आधी एक साधी नळी असते. आठव्या आठवड्यापर्यंत तिला वळणं पडतात, मध्ये पडदे येतात आणि चार कप्पे बनतात. हे काम काही मुकादम जनुकं करून घेतात.

त्यातलंच एक एनकेएक्स२-५. फळमाशीतलं याचं भावंड बिघडलं तर माशीत हृदयच तयार होत नाही! म्हणून त्याचं नाव 'टिनमॅन', 'विझार्ड ऑफ ऑझ'मधल्या हृदय नसलेल्या पत्र्याच्या माणसावरून. १९९८ मध्ये काही कुटुंबांत पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या हृदयदोषामागे माणसातलं हेच जनुक सापडलं. त्यांच्यात वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र असायचं आणि ठोक्याचा विद्युत संदेशही वाटेत अडकायचा.

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बाबांची. मला वाटलं, एक बिघडली तर दुसरी बॅकअप. पण इथे प्रमाण महत्त्वाचं. एका प्रतीतून पुरेसं प्रथिन मिळत नाही आणि पडदा अर्धवट राहतो.

मग आईबाबा ठणठणीत असतील तर? सुमारे ३०० कोटी अक्षरांची कॉपी होताना प्रत्येक बाळात साधारण ६०-७० नवे बदल होतात. बहुतेक निरुपद्रवी. एखादा मात्र नेमका हृदयाच्या जनुकात पडतो. २०१३ च्या एका मोठ्या अभ्यासानुसार गंभीर हृदयदोषांपैकी सुमारे १० टक्क्यांमागे असे नवे बदल आहेत. सगळंच जनुकांवर ढकलता येत नाही. गरोदरपणातला रुबेला, आटोक्यात नसलेला मधुमेह, हीही कारणं आहेत. ग्रहण मात्र नाही.

याचा उपयोग काय? एनकेएक्स२-५ चा दोष असेल तर छिद्र बुजवल्यावरही ठोक्यांचा त्रास नंतर उद्भवू शकतो. म्हणून ईसीजी करत राहावं लागतं. शिवाय पुढच्या प्रत्येक अपत्यात तो दोष जाण्याची शक्यता ५० टक्के. म्हणून घरात असे दोन-तीन जण असतील, तर जनुक तपासणीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.

भाच्याची ती तपासणी झालेली नाही. पण ताईला एवढं सांगितलं, "तुझ्या हातात नव्हतं गं ते." बराच वेळ फोनवर ती काही बोलली नाही.

तुमच्याही घरात अशी एखादी ताई असेल, तर हा एपिसोड तिला पाठवा. भेटू पुढच्या वेळी!