आवाज कधी येतो? – गाडीच्या डिफरन्शियलमधून निरीक्षणाचा पाठ



आमच्या गोवंडीत घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडच्या आसपास गॅरेजं भरपूर. वर्गातल्या बऱ्याच मुलांचे वडील, काका, मामा त्यात काम करतात. पाचवीला 'वर्तुळ' शिकवत होते, तेव्हा एक मुलगी म्हणाली, "टीचर, पप्पांनी एका जीपचं मागचं डिफरन्शियल खोलून नवीन प्लेटा टाकल्या. आता गाडी वळली की कडकड वाजतं. गिऱ्हाईक पैसे देत नाहीये."

पप्पा दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा खोलणार होते. म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडणार. त्यांच्याशी बोलताना लक्षात आलं की वर्गात आपण शिकवतो तेच इथे लागतं: आधी नीट निरीक्षण, मग अंदाज, मग एका वेळी एकच बदल.

आधी डिफरन्शियल म्हणजे काय ते पाहू

मुलांना मैदानात नेऊन पाच जणांची हात धरलेली रांग करा आणि कवायतीसारखी वळवा. आतलं मूल जवळजवळ जागेवरच पाय आपटतं, बाहेरच्याला पळावं लागतं. गाडीच्या चाकांचंही तसंच. दोन चाकांत १.४ मीटर अंतर असेल, तर पूर्ण गोल फेरीत बाहेरचं चाक आतल्यापेक्षा २ × ३.१४ × १.४, म्हणजे सुमारे ८.८ मीटर जास्त चालतं. गंमत म्हणजे गोल लहान असो की मोठा, हा फरक तेवढाच राहतो. मोठ्या वर्गांना हे गणित जरूर द्या.

दोन्ही चाकांना इंजिनाची ताकद मिळावी, पण त्यांना वेगवेगळं फिरताही यावं, हे काम डिफरन्शियल करतं.

साध्या डिफरन्शियलची एक अडचण आहे. एक चाक चिखलात अडकलं की तेच गरगर फिरत राहतं आणि कोरड्यावरचं चाक नुसतं उभं राहतं. पावसाळ्यात हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. लिमिटेड-स्लिप प्रकारात आत क्लचसारख्या प्लेटा एकमेकींवर दाबून बसवलेल्या असतात. त्या घर्षणाने दुसऱ्या चाकालाही थोडी ताकद पोहोचवतात. शाळेची ईको व्हॅन साध्या डिफरन्शियलवर चालते, त्यामुळे या प्लेटांची तक्रार तिला लागू नाही.

आता आवाज ओळखूया

'कसला आवाज?' हे विचारण्याआधी 'कधी येतो?' हे विचारायचं.

१. फक्त हळू, आखूड वळणावर कडकड किंवा थरथर. सरळ रस्त्यावर शांत. इथे पहिला संशय प्लेटांवर. त्या सरकायच्या ऐवजी चिकटतात-सुटतात, चिकटतात-सुटतात. बहुतेक वेळा ऑईल चुकीचं असतं, किंवा प्लेटा ऑईलमध्ये न भिजवता कोरड्याच बसवलेल्या असतात.

२. सरळ रस्त्यावर बारीक 'हूंऽऽ' असा सूर, ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की बदलणारा. क्राऊन आणि पिनियनचे दात एकमेकांत नीट बसलेले नाहीत. दातांना रंग लावून फिरवायचं. रंग दाताच्या मध्यावर पुसला जायला हवा. टोकाला किंवा मुळाशी पुसला गेला तर सिम बदलून बैठक आणि प्ले पुन्हा जुळवावा लागतो. क्राऊन-पिनियन ही जोडी असते. एक जुनं, एक नवं असं चालत नाही.

३. घरघर, वेगाबरोबर वाढणारी, पण ॲक्सिलरेटरने न बदलणारी. बेअरिंग तपासा. वेगात डावी-उजवीकडे वळताना कमी-जास्त झाली तर चाकाचं बेअरिंग असू शकतं. रस्ता बदलल्यावर आवाज बदलला तर मात्र आधी टायर पाहा.

४. गाडी उचलताना किंवा गिअर टाकताना एकच 'ठक'. प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस झिजलेला, पिनियनचा नट ढिला, नाहीतर दातांमधला प्ले जास्त.

आणि प्रत्येक आवाज म्हणजे बिघाड नव्हे. २०१५ पासून काही थार गाड्यांना मागे मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल मिळालं. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला की ते आपोआप लॉक होतं. तेव्हा आलेला 'टक' म्हणजे ते काम करतंय.

त्या जीपचं काय झालं?

आवाज फक्त वळणावर होता. म्हणजे क्रमांक एक. ऑईल कुठलं टाकलं, विचारलं तर उत्तर आलं, "नेहमीचं, नव्वद नंबर." साध्या डिफरन्शियलला ते चालतं. प्लेटांच्या डिफरन्शियलला कंपनीने सांगितलेलं ऑईल आणि बहुतेक ठिकाणी त्यात फ्रिक्शन मॉडिफायर लागतो. तो प्लेटांना झटके न देता सरकू देतो. पप्पांनी ऑईल बदललं, मॉडिफायर टाकला आणि मोकळ्या जागेत इंग्रजी आठच्या आकारात हळूहळू गाडी फिरवली, म्हणजे नवं ऑईल प्लेटांत शिरतं. कडकड थांबली. थांबली नसती तर खोलावंच लागलं असतं, पण स्वस्त आणि सोपी तपासणी आधी करायची.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. पहिली: लिमिटेड-स्लिप गाडीचं एकच चाक जॅकवर उचलून गिअरमध्ये इंजिन चालवू नका. जमिनीवरच्या चाकालाही ताकद मिळते आणि गाडी जॅकवरून उडी मारते. दुसरी: सूर किंवा घरघर वाढत असेल तर 'चालतंय तोवर चालू दे' म्हणू नका. पिनियनचं बेअरिंग गेलं तर मागची चाकं चालत्या गाडीत जाम होऊ शकतात.

वर्गात काय कराल?

मुलांना घरातल्या एका आवाजाची नोंद करायला सांगा: पंखा, मिक्सर, सायकल, काहीही. तीन रकाने: आवाज कधी येतो, कधी येत नाही, काय बदललं की तो बदलतो. कारण चौथ्या रकान्यात, सगळ्यात शेवटी. आमच्या वर्गात निम्म्या मुलांनी कारण आधीच लिहून टाकलं होतं. ते खोडायला लावलं, तिथेच खरा पाठ झाला.

आणि पालकहो, तुमच्या हातातलं कामही अभ्यासच आहे. रात्री जेवताना मुलांना एवढंच विचारा, "आज एक गाडी अशी वाजत होती, तुला काय वाटतं?" ती मुलगी आता गिऱ्हाईकाच्या आधी पप्पांना विचारते, "पण आवाज कधी येतो?"