कार्बोरेटरच्या स्क्रूवरचं टिंब

पावसाळ्यात कर्जतहून कोंडाण्याला जाणाऱ्या रस्त्यावर जुन्या आरएक्स 100 आणि स्प्लेंडर अजून भेटतात. दिवसभर पावसात उभी राहिलेली गाडी संध्याकाळी किकला दाद देत नाही. कार्बोरेटरच्या वाटीत पाणी गेलं असेल म्हणून कुणीतरी प्लस स्क्रू ड्रायव्हर लावतं, तो दोनदा कर्रर्र करून निसटतो आणि स्क्रूचं डोकं गोल होतं. बोल गंजाला लागतो, पण पुष्कळदा स्क्रू ठीक असतो, हत्यारच परकं असतं.

आधी त्या डोक्यावर टॉर्च मारा. फुलीच्या शेजारी एक बारीक टिंब दिसलं, तर तो स्क्रू जपानी औद्योगिक मानकाचा, म्हणजे जेआयएस. जगभर रुळलेला प्लस हा फिलिप्स, अमेरिकेतल्या हेन्री फिलिप्सच्या नावाचा. त्याची पेटंटं 1936ची, आणि जनरल मोटर्सने तो कॅडिलॅकच्या जुळणीत वापरायला घेतला तोही त्याच सुमारास. दोघांची फुली लांबून सारखीच दिसते. पण फिलिप्सच्या पात्याचं टोक जपानी खाचेच्या तळाला आधी टेकतं, कडा नीट बसायच्या राहून जातात, आणि जोर लावला की पातं वर सरकतं. जेआयएसचा ड्रायव्हर मात्र खोल आणि घट्ट बसतो. तोच फिलिप्स स्क्रूलाही बहुतेक वेळा चालून जातो! म्हणून एकच चांगला ड्रायव्हर घ्यायचा असेल तर मी जपानी घ्या म्हणेन. व्हेसल हे ओसाकाचं नाव त्यात जुनं आहे. वाटीच्या 4 मिलिमीटर जाडीच्या स्क्रूंना 2 नंबरचं पातं लागतं.

हे स्क्रू आपल्याकडे आले कसे? ऐंशीच्या दशकात जपानी कंपन्यांच्या भागीदारीतल्या गाड्या एकामागून एक आल्या: इंड-सुझुकी 1984, हिरो होंडा सीडी 100 आणि यामाहा आरएक्स 100 दोन्ही 1985, बजाज-कावासाकी केबी 100 त्यानंतर लगेच. मिकुनी आणि केहिन ही कार्बोरेटरवरची नावं गॅरेजात घरची झाली. पान्हे आणि पकडी होत्या त्याच चालल्या. ड्रायव्हरही जुनाच राहिला, आणि तिथेच घोळ झाला.

आता एक गोष्ट जी फार कमी लोक वापरतात. बऱ्याच कार्बोरेटरच्या वाटीला खाली एक ड्रेन स्क्रू असतो. फक्त पाणीच काढायचं असेल तर तो सैल करायचा, नळीतून सगळं खाली येतं. वाटीच्या चार स्क्रूंना हातही लावावा लागत नाही. (पेट्रोल गरम इंजिनावर सांडू देऊ नका.)

खरी गंमत हवा-पेट्रोलचं मिश्रण ठरवणाऱ्या स्क्रूची. होंडाच्या पुष्कळ कार्बोरेटरमध्ये त्याचं डोकं इंग्रजी डी अक्षरासारखं असतं, ना प्लस ना मायनस. कर्जत-खालापूरच्या फार्महाऊसांवर गवत कापणाऱ्या ब्रश कटरची तर तऱ्हाच वेगळी: कुठे दोन बाजूंनी चपटं डोकं, कुठे बारीक दात, कुठे तोंड उघडलेला पॅकमॅन. हा खोडसाळपणा नव्हे. अमेरिकेत नव्वदच्या दशकात छोट्या इंजिनांच्या धुरावर नियम आले, आणि कुणीही येऊन मिश्रण बदलू नये म्हणून कंपन्यांनी मुद्दाम अशी डोकी बसवली. सुरुवातीला त्यांच्या चाव्या फक्त अधिकृत मेकॅनिकला मिळत. आता सात-आठ तोंडांचे संच ऑनलाइन मिळतात, आणि ते घ्यावेतच. कारागीर मात्र वाट बघत बसत नाहीत: डोक्यावर घट्ट बसेल अशी पितळी नळी ठोकून बसवतात आणि तिच्यानेच स्क्रू फिरवतात. मला ही युक्ती मनापासून आवडते.

घाटाचंही एक सांगतो. खोपोलीहून खंडाळ्याला चढताना सुमारे 500 मीटर उंची वाढते, हवा साधारण 5 टक्के विरळ होते आणि मिश्रणात पेट्रोल किंचित जास्त पडतं. तेवढ्यासाठी स्क्रू फिरवू नका.

पुन्हा कोंडाण्याला येऊ. तिथल्या लेण्यांवर कोरलेलं आहे की कन्हाचा शिष्य बलक याने हे काम केलं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरांनी लाकडी तुळयांचे सांधे दगडात हुबेहूब कोरले. सुतारकामाची इतकी बारीक नजर असलेल्या माणसांना ते टिंब नक्की दिसलं असतं.

1 एप्रिल 2020पासून धुराचे बीएस-6 नियम आले आणि नव्या दुचाकींमधून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. जुन्या गाड्या आणि गवताची यंत्रं अजून त्याच्यावरच चालतात. त्यांचा मिश्रणाचा स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने आत फिरवत पूर्ण टेकेपर्यंत फेरे मोजा, आकडा लिहून ठेवा आणि मगच बाहेर काढा. बसवताना पुन्हा टेकवून तेवढेच फेरे मागे सोडायचे. आत जोर लावला तर टोकाची सुई मोडून भोकात अडकते, आणि मग अख्खा कार्बोरेटर बदलावा लागू शकतो.